चढ आला की मी मागे का पडते?

ताई, मी ३८ वर्षांची आहे आणि गेली चार वर्षं पळते. सपाट रस्त्यावर १० किलोमीटर ५१ मिनिटांत होतात. वर्षभरापासून डोंगरातल्या शर्यतींची ओढ लागली आहे, पण चढ आला की सगळं बिनसतं. सपाटीवर माझ्या बऱ्याच मागे असणारी माणसं चढावर आरामात पुढे निघून जातात. मागच्या महिन्यात २१ किलोमीटरची शर्यत ३ तास २५ मिनिटांत संपवली. त्यात तीन मोठे चढ होते. पहिला २.३ किलोमीटरमध्ये ४५० मीटर वर नेणारा, दुसरा ३५० मीटर उंचीचा, तिसरा ३०० मीटर. त्यांना मला ३२, ३३ आणि ३४ मिनिटं लागली. तिसऱ्या चढावर दर शंभर पावलांनी थांबत होते. पूर्ण शर्यतीत एकच एनर्जी जेल (कर्बोदकांचं छोटं पाकीट) खाल्लं, कारण पहिल्या चढानंतर पोटात काही जाईना. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जवळच्या चढावर जीव तोडून आठ वेळा पळते, तरी फरक पडत नाही. घड्याळ चढावरचा पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारी मिनिटं, कधी १२ दाखवतं, कधी १९. त्यातून काय समजायचं? पाय कमजोर आहेत म्हणून स्क्वॉट्स वाढवू का? वजन ५८ आहे, ते ४ किलोंनी उतरवलं तर? काठ्या घेऊ का? आणि खरं सांगते, चढावर चालायची मला लाज वाटते. पाच महिन्यांनी त्याच वाटेवर पुन्हा शर्यत आहे.
— दम संपलेली

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी कागद-पेन्सिल घेऊन बसले, कारण तुम्ही वेळेसोबत चढांची उंचीही लिहिली आहे. बहुतेक पत्रांत ‘चढावर दम लागतो’ एवढंच असतं आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. तुमच्या आकड्यांतून मात्र बरंच काही दिसतं.

उंचीला वेळेने भागायचं, एवढंच गणित आहे. ४५० मीटर ३२ मिनिटांत म्हणजे ताशी ८४४ मीटर. दुसरा चढ ताशी ६३६. तिसरा ताशी ५२९. पहिल्या चढापासून तिसऱ्यापर्यंत तुमचा वर चढण्याचा वेग ३७ टक्क्यांनी घसरला. पाय कमजोर असते तर पहिल्याच चढावर ताशी ८४४ मीटर जमलेच नसते. तेव्हा ‘मी चढावर कमजोर आहे’ हे आधी मनातून काढून टाका. तुम्ही पहिल्या चढावर जोरात होतात आणि त्याची किंमत पुढचे दोन्ही चढ मोजत राहिलात.

ती किंमत केवढी होती, तेही काढता येतं. अल्बर्टो मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या चढांवर आणि उतारांवर चालायला-पळायला किती ऊर्जा लागते हे ट्रेडमिलवर मोजलं. ती मोजमापं २००२ साली प्रसिद्ध झाली आणि आजही बरेच हिशेब त्यांच्यावरच उभे आहेत. त्यानुसार १० टक्के चढावर पळताना दर मीटरला सपाटीच्या सुमारे १.६५ पट ऊर्जा जाते आणि २० टक्के चढावर सुमारे अडीच पट. (२० टक्के म्हणजे १०० मीटर पुढे जाताना २० मीटर वर.) तुमचा पहिला चढ जवळजवळ २० टक्क्यांचा होता आणि तो तुम्ही किलोमीटरला साधारण १३ मिनिटं ५५ सेकंद या पेसने चढलात. अडीचने भागलं की सपाट रस्त्यावरचा ५ मिनिटं ३४ सेकंदांचा पेस येतो. हे गुळगुळीत पट्ट्यावरचं गणित झालं. खडबडीत वाट आणि पाठीवरची पाण्याची पिशवी धरली तर तुमचा खरा खर्च याहून जास्त होता. तुमचा १० किलोमीटरच्या शर्यतीचा पेस ५ मिनिटं ६ सेकंद आहे. म्हणजे जवळजवळ साडेतीन तास चालणाऱ्या शर्यतीचा पहिला अर्धा तास तुम्ही तासाभराच्या शर्यतीच्या जोराने काढलात. पोटात जेल जात नव्हतं तेही यातूनच. एवढ्या जोरावर शरीर रक्त पायांकडे वळवतं, पोटाच्या वाट्याला फार थोडं येतं.

घड्याळ कधी १२ आणि कधी १९ का दाखवतं, याचंही उत्तर इथेच आहे. चढाचा कोन दर दहा-वीस पावलांनी बदलतो आणि त्यासोबत पेस बदलतो, तुमचा जोर तोच असला तरी. चढावर किलोमीटरचा पेस पाहून हाती काही लागत नाही. तासाला किती मीटर वर गेलो ते बघा. बऱ्याच घड्याळांत ‘व्हर्टिकल स्पीड’ या नावाचा रकाना असतो, तो हाच. सायकलवाले यालाच ‘व्हीएएम’ म्हणतात. हा विचार जुना आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली चालणाऱ्यांसाठी नियम मांडला होता: दर ३ मैलांना एक तास धरा आणि दर २,००० फूट चढाला आणखी एक तास जोडा. अंतर आणि उंची वेगवेगळी मोजायची, हे त्याला तेव्हाच उमगलं होतं.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून दुसरं टोक सांगते. ‘व्हर्टिकल किलोमीटर’ या शर्यतीत १,००० मीटर उंची कमीत कमी वेळात चढायची असते. स्वित्झर्लंडमधल्या फुली इथे ही चढण दोन किलोमीटरहूनही कमी अंतरात संपते. २०१७ साली फिलिप गॉट्शने ती २८ मिनिटं ५३ सेकंदांत पार केली, म्हणजे ताशी सुमारे २,०७७ मीटर. तुम्हाला त्याच्याशी तुलना करायची नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की हा आकडा तुमच्या-माझ्यापासून त्याच्यापर्यंत सगळ्यांना एकाच पट्टीवर मोजतो.

आता तुमची स्वतःची मोजपट्टी तयार करू. एक चढ निवडा आणि पाच महिने तोच ठेवा. २० ते ३० मिनिटं लागतील एवढा लांब हवा, म्हणजे तुमच्यासाठी २५० ते ४०० मीटर उंचीचा. मध्ये सपाटी किंवा उतार नको. पायाखाली फार घसरडंही नको, नाहीतर तुम्ही दम मोजायच्याऐवजी तोल मोजाल. १५ ते २५ टक्के चढ असेल तर उत्तम. पायथ्याशी आणि माथ्यावर न हलणारी खूण ठरवा: एखादा खडक, वाटेचा फाटा, पायरी. दोन खुणांमधली उंची एकदाच, चांगल्या नकाशावरच्या समोच्च रेषांवरून काढा आणि वहीत लिहून ठेवा. त्यानंतर दर वेळी तोच आकडा वापरायचा. घड्याळाला उंची विचारायची नाही.

घड्याळावरचा हा अविश्वास उगाच नाही. नुसत्या जीपीएसवर चालणारं घड्याळ उंची फार ढोबळ सांगतं आणि त्यातले बारीक चढउतार जोडत जातं, त्यामुळे सपाट रस्त्यावरही पन्नास मीटर ‘चढ’ जमा होतो. हवेच्या दाबावर चालणारी घड्याळं बरीच बरी, पण हवा बदलली की तीही फसतात. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर उंचीला १ हेक्टोपास्कल दाब बदलतो. वादळ जवळ येत असताना दाब चार-पाच हेक्टोपास्कलने उतरला, तर जागेवर बसल्या बसल्या तुम्ही तीस-चाळीस मीटर चढल्याची नोंद होते. आणि घड्याळाच्या कडेला हवेसाठी जी टाचणीएवढी छिद्रं असतात, ती घामाच्या मिठाने आणि मातीने बुजतात. माझ्या घड्याळाने एकदा अख्खी सकाळ एकच उंची दाखवली होती. साध्या पाण्याखाली धरून छिद्रं धुतली तेव्हा ते सुधारलं. दर लांब फेरीनंतर एवढं करा.

चाचणीच्या आदल्या दोन दिवशी हलकंच पळा. चाचणीआधी १५ मिनिटं सावकाश पळून अंग गरम करा आणि दोन-तीन छोटे वेगवान टप्पे घ्या. मग पायथ्यापासून माथ्यापर्यंत जितक्या जोराने शेवटपर्यंत टिकेल तितक्या जोराने जा. चढाच्या अर्ध्या उंचीवरही एक खूण ठेवा, कारण ती तुमच्यासारखीला फार कामाची आहे. खालच्या अर्ध्याला ११ मिनिटं आणि वरच्या अर्ध्याला १४ लागली, तर ती चाचणी तुमची ताकद सांगत नाही, घाई सांगते. ती बाद समजा आणि आठवड्याने पुन्हा करा. दोन्ही अर्धे अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या फरकात आले की आकडा खरा धरायचा. चाचणी अर्ध्या तासाच्या आसपास चालली, तर शेवटच्या २० मिनिटांचा सरासरी हार्ट रेट साधारण तुमचा थ्रेशोल्ड मानता येतो, म्हणजे ज्याच्या वर फार वेळ टिकता येत नाही ती पातळी. त्यासाठी छातीचा पट्टा वापरा. काठ्या धरल्या किंवा गुडघ्यांवर हात टेकले की मनगटावरचा सेन्सर भरकटतो.

वहीत वेळेसोबत तापमान, ऊन-वारा, पाठीवरचं वजन, आदल्या रात्रीची झोप आणि पाळीचा कितवा दिवस हेही लिहा. उकाड्यात त्याच जोराला हार्ट रेट वर जातो. उंचावरच्या डोंगरांत गेलात, तर १,५०० मीटरच्या वर दर १०० मीटरला ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता साधारण एक टक्क्याने उतरते, म्हणून तिथला आकडा खालच्याशी ताडून पाहू नका. २३ मिनिटांच्या चढावर वीस-तीस सेकंद इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे. त्यावर आनंद नको आणि दुःखही नको. ही चाचणी दर पाच-सहा आठवड्यांनी एकदा पुरे.

तिच्या जोडीला दोन मोजमापं आणखी ठेवा. तुमच्या बाबतीत तीच जास्त बोलतील. एक, महिन्यातून एकदा तोच चढ आरामात चढायचा. हार्ट रेट चाचणीच्या सरासरीपेक्षा २५ ठोके खाली धरून ठेवायचा आणि त्याच्या वर जाऊ लागला की चालायचं. वेळ किती लागला ते लिहा. सुधारणेची पहिली चाहूल माझ्या अनुभवात इथेच लागते, जोराच्या चाचणीच्या कितीतरी आधी. दुसरं म्हणजे टिकाव. दोन तासांची लांब फेरी संपवताना शेवटी तोच चढ घ्या, शर्यतीत ठेवता येईल अशा जोराने. मग एखाद्या दिवशी ताज्या पायांनी तोच जोर ठेवून चढा आणि दोन्ही वेळा शेजारी लिहा. हा फरक दहा टक्क्यांच्या आत आला की मी समाधानी असते. तुमचा शर्यतीतला ३७ होता. सगळी कमाई त्या फरकात दडली आहे.

आता लाजेबद्दल. हे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका लांब, उभ्या चढावर मी पळत होते आणि माझ्या शेजारी साठीतले एक गृहस्थ चालत होते. कमरेतून पुढे झुकलेले, दोन्ही तळवे गुडघ्यांच्या जरा वर मांड्यांवर, आणि प्रत्येक पावलाला त्या बाजूचा हात मांडी खाली दाबत होता. माझी पावलं त्यांच्या दुप्पट पडत होती. माझ्या घशातून आवाज येत होता, त्यांचा श्वास ऐकूही येत नव्हता. दहा मिनिटं आम्ही तसेच शेजारी शेजारी गेलो, अंतर तसूभरही पडलं नाही. माथ्यावर पोचताच ते सरळ पळू लागले आणि मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. त्या दिवसापासून मी चालायला शिकू लागले. ‘शिकू लागले’ म्हणते, कारण चढावर वेगाने चालणं हे कौशल्य आहे आणि सपाटीवर पळणाऱ्यांना ते आपसूक येत नाही.

त्या गृहस्थांचं बरोबर होतं हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्रेडमिल ३९ अंशांपर्यंत उभी करून १५ कसलेल्या डोंगरी धावपटूंची मोजणी केली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. सेकंदाला ०.३५ मीटर, म्हणजे ताशी १,२६० मीटर या एकाच उभ्या वेगाने ते धावपटू कधी चालत आणि कधी पळत वर गेले. उभ्या चढावर चालायला पळण्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी ऊर्जा लागली. उंची मिळवायला सगळ्यात स्वस्त चढ २० ते ३५ अंशांच्या दरम्यानचे ठरले. (हे अंश आहेत, टक्के नव्हेत. २० अंश म्हणजे सुमारे ३६ टक्के चढ.) ही माणसं तुमच्यापेक्षा कितीतरी वेगवान होती. आपण त्याहून हळू चढतो, तेव्हा चालण्याचा फायदा आपल्याला आणखी कमी उभ्या चढावरच मिळू लागतो.

तुमचा स्वतःचा बदल-बिंदू असा शोधा. जिथे शंका येते असा, साधारण १५ टक्क्यांचा चढ घ्या. तीन मिनिटं पळत जा आणि जिथे पोचाल तिथे खूण करा. खाली या, श्वास पूर्ण जागेवर येऊ द्या, मग तीन मिनिटं शक्य तितक्या झपाझप चालत जा. दोन खुणांमध्ये किती पावलं पडतात आणि दोन्ही वेळी हार्ट रेट किती होता ते बघा. पळून पंधरा पावलं जास्त मिळाली आणि त्यासाठी बारा ठोके मोजले, तर लांब शर्यतीत तो चढ चालायचाच. मग हेच २० टक्क्यांवर करा. दोन-तीन सकाळी यात घातल्या की कुठे पळायचं आणि कुठे चालायचं, हा प्रश्न शर्यतीत पडत नाही.

चालताना पावलं लहान ठेवा. चढ फार उभा नसेल तर टाच खाली टेकू द्या. सतत चवड्यांवर चढलात तर सगळा भार पोटऱ्यांवर येतो आणि तासाभरात त्या दगडासारख्या होतात. झुकायचं ते कमरेच्या सांध्यातून. पाठ गोल करून झुकलात की पोट दाबलं जातं आणि श्वास अर्धा होतो. मांडीवर हात दाबायचे तर पाऊल टेकल्यावर, त्याच बाजूने. पळण्यातून चालण्यात जायचं ते दम संपण्याच्या चार-पाच पावलं आधी. दम संपल्यावर सुरू केलेलं चालणं वेगळंच असतं, त्यात रेंगाळणं येतं.

सरावाबद्दल. मंगळवार-शुक्रवारचे जीव तोडून आठ फेरे बंद करा. अशा फेऱ्यांत पहिले दोन झोकात जातात आणि उरलेले सहा नुसता थकवा गोळा करतात. शिवाय आठवड्यातून दोनदा असं केल्यावर बाकीचे दिवसही ना हलके राहतात ना कसाचे. तुमच्याकडे जोर आहे. कमी आहे ती सावकाश, तासन्‌तास चढत राहण्याची सवय.

आठवड्यात एकच दिवस चढावरच्या जोराचा ठेवा. पहिले तीन आठवडे तीन-तीन मिनिटांचे सहा टप्पे, मग पाच मिनिटांचे पाच, त्यानंतर आठ मिनिटांचे चार, आणि शर्यतीच्या दीड महिना आधी बारा मिनिटांचे तीन. प्रत्येक टप्प्यानंतर चालत खाली. जोर किती, यासाठी एक दगड पुरेसा आहे. पहिल्या टप्प्यात वेळ संपेल तिथे वाटेच्या कडेला दगड ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यात त्या दगडापर्यंत पोचलंच पाहिजे आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्या दोन-चार पावलं पुढे. तिसऱ्याच टप्प्यात दगड दहा पावलं लांब राहिला, तर पहिला टप्पा घाईचा होता. माझ्याकडे सरावाला येणाऱ्यांना मी हार्ट रेटच्या आधी हा दगड शिकवते. तुमच्या शर्यतीत जे झालं तेच इथे तीन मिनिटांच्या तुकड्यात दिसतं आणि तिथल्या तिथे सुधारता येतं.

शुक्रवारचं पळणं हलकं करा, पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढं हलकं. आठवड्याच्या शेवटी लांब फेरी, ज्यात चढ असेल पण घाई नसेल. आठवड्याला एकूण किती मीटर चढलात हे वहीत मांडा आणि तो आकडा हळूहळू वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. सध्या आठवड्याला ५०० मीटर होत असतील, तर पाच महिन्यांत १,२०० ते १,५०० पर्यंत जाणं मला शक्य वाटतं. शर्यतीत १,१०० मीटर एका दमात आहेत, म्हणून निदान तीन लांब फेऱ्यांत तेवढी उंची झाली पाहिजे.

डोंगरापर्यंत जाणं जमलं नाही त्या दिवशी ट्रेडमिल १५ टक्क्यांवर लावा. ताशी ५.५ किलोमीटरला ताशी सुमारे ८१५ मीटर चढ होतो, ४ किलोमीटरला सुमारे ५९०. समोरचा दांडा मात्र धरायचा नाही. धरला की सगळा हिशेब खोटा होतो. जिनाही चालतो. एका पायरीची उंची फूटपट्टीने मोजा, पायऱ्यांनी गुणा, मीटर तुमच्या हातात. दर दहा दिवसांतून एकदा पाठीवर पाच-सहा किलो पाणी घेऊन उभा चढ सावकाश चालत चढा आणि माथ्यावर पाणी झाडांना ओता. वर जाताना मांड्यांना काम मिळतं आणि उतरताना गुडघ्यांवर ओझं राहत नाही. गिर्यारोहकांची ही युक्ती मला जिममधल्या बहुतेक व्यायामांपेक्षा जास्त पटते.

म्हणून स्क्वॉट्स वाढवायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, त्यात एका पायावर उंच पायरी चढणं आणि गुडघा वाकवून व सरळ ठेवून टाचा उचलणं हे असलं की झालं.

उतारांचा मात्र सराव करा, प्रश्न चढाचा असला तरी. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात आणि त्यांना सगळ्यात जास्त इजा त्यातच होते. तिसऱ्या चढावर तुम्ही दोन मोठे उतार उतरून आला होतात. तेव्हा पायांत जो शिसं भरल्यासारखा जडपणा होता, त्यात उतारांचाही वाटा असणार. चांगली गोष्ट अशी की एका दमदार उताराच्या सरावानंतर स्नायू कित्येक आठवडे पुढच्या इजेपासून सावरलेले राहतात. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक लांब उतार जरा वेगाने उतरा. चार दिवस जिने उतरताना कळ येईल, ती सोसा.

वजनाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. गणित तुमच्या बाजूने आहे हे मान्य, हलकं शरीर कमी ऊर्जेत वर जातं. पण सराव वाढवतानाच खाणं कमी केलं तर आधी जातो तो सरावाचा फायदा. पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, बारीकसारीक दुखणी सुटत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला ‘रेड-एस’ असं नाव दिलं, म्हणजे खेळाडूच्या शरीराला पुरेशी ऊर्जाच न मिळणं. ५८ किलोंवर चार किलो उतरवायचा विचार सोडून द्या. पाठीवरची पिशवी उघडून बघा, तिथून अर्धा-पाऊण किलो सहज निघेल. आणि डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. पळणाऱ्या बायकांत लोहाची कमतरता वारंवार दिसते आणि ती चढावरच्या दमातून आधी जाणवते. चढताना छातीत दुखलं किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर मात्र माझ्या सल्ल्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा.

शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे तुम्हाला सहा-सात तरी हवी होती. लांब फेरीत दर पंचवीस-तीस मिनिटांनी खायची सवय लावा. चढ आरामात घेतलात की पोट ते स्वीकारेल.

काठ्या आत्ता नको. लांब आणि उभ्या चढांवर त्या पायांवरचा भार हातांकडे थोडा वळवतात. ऊर्जेची बचत फारशी होत नाही, आणि सरावाशिवाय त्या पायांतच येतात. पुढे सहा-आठ तासांच्या शर्यतीकडे वळलात, तर तेव्हा बोलू.

आता पाच महिन्यांनंतरचा दिवस. समजा तुमच्या ताकदीत काडीचाही फरक पडला नाही, तरी पहिला चढ ताशी ७२० मीटरने, म्हणजे साडेसदतीस मिनिटांत चढा. दुसरा ताशी ७०० ने तीस मिनिटांत. तिसरा ६८० ने साडेसव्वीस मिनिटांत. एकूण ९४ मिनिटं झाली. मागच्या वेळी ९९ लागली होती. पाच मिनिटं इथेच वाचली, आणि माथ्यांवरून पळायला पाय शिल्लक राहतील ते वेगळंच. पाच महिन्यांच्या सरावाने हे आकडे वाढतील, पण ते चाचणी सांगेल तेवढेच वाढवा.

पहिल्या चढावर साडेपाच मिनिटं जास्त लावणं जड जाईल, कारण पुष्कळ लोक तुम्हाला मागे टाकून जातील. तुम्ही हार्ट रेट थ्रेशोल्डच्या दहा-बारा ठोके खाली ठेवा, उभ्या तुकड्यांवर चाला आणि माथ्यावर पोचायच्या आत एक जेल संपवा. शर्यत झाली की मला परत तीन चढांच्या तीन वेळा लिहून पाठवा. मी पहिल्या वेळेकडे नंतर बघेन, तिसरी आधी वाचेन.